एक स्टार

दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी माझी नवी बंदूक, खालचा दांडा पुढे-मागे करून काडतूस चढवायची लिव्हर-ॲक्शन कार्बाइन, पहिल्यांदाच नेमबाजीच्या रेंजवर नेली आणि ती तिथे अडकली. लिव्हर ना पुढे जाईना, ना मागे. संतापून मी ती विकणाऱ्या दुकानाला ऑनलाइन एक स्टार दिला आणि लिहिलं, "न तपासता माल विकतात."

सोमवारी ती बदलून घ्यायला गेलो. विकण्याआधी प्रत्येक बंदूक स्वतः तपासणारे म्हातारे वॉल्टर मान खाली घालून उभे होते. "माझीच नजर कमी पडली असेल," ते म्हणाले. मालकाने बंदूक उघडूनही न पाहता मला दुसरी दिली आणि वॉल्टरना माझ्यासमोरच सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." मी त्यांच्या नजरेला नजर द्यायचं टाळलं. मनात म्हटलं, चूक ती चूक.

घरी आलो तर नागपूरहून आलेली आई म्हणाली, "नवीन आणलीस? थांब, हिचीही पूजा करते."

तिने बंदुकीला हळदकुंकू लावलं, काडतुसं भरायच्या फटीत चिमूट चिमूट करत अक्षता सरकवल्या आणि हात जोडले. "दसऱ्याला त्या पहिलीलाही अशाच वाहिल्या होत्या रे, चांगल्या भरभरून."