मागचं दिसता कामा नये

घड्याळजींना हौस वाळवंटातल्या जनावरांचे फोटो काढायची. फोटोही असे, की सरड्याचे खवले मोजून घ्यावेत, पण मागे निव्वळ धुकं. "मागचं दिसलं की फोटो फसला," हा त्यांचा बाणा. त्या दिवशी एका खोकडाच्या नादानं नवराबायको टेकडीमागून टेकडी ओलांडत गेले आणि वाऱ्यानं मागची पावलं पुसून टाकली. आता बाटलीत घोटभर पाणी, फोनला रेंजचं नाव नाही आणि चारी अंगांना सुळकेच सुळके. त्यातल्या कुठल्या सुळक्याखाली गाडी उभी केली होती, ते देव जाणे. घड्याळजी कॅमेऱ्यातले फोटो मागे सरकवू लागले. खोकडाची एकेक मिशी लख्ख, मागे धुकं. विंचवाची नांगी लख्ख, मागे धुकं. "अगं, सकाळी गाडीतून उतरल्यावर तू माझा एक काढला होतास बघ!" ते एकदम ओरडले. "मी धुरकट, आणि मागे गाडी, सुळका, सगळं स्वच्छ! कुठाय तो?" बायकोनं बाटली त्यांच्याकडे सरकवली. "असला भिकार फोटो पुसून टाक, म्हणून तुम्हीच खेकसलात ना?" घड्याळजींच्या डोळ्यांत आशा चमकली. "पण तू माझं कधी ऐकतेस का?" ती वाळूत मटकन बसली. "नाही हो. लग्नानंतर आज पहिल्यांदाच ऐकलं."