बी टीमची फायनल

"उतरलो आपण," लोकेश म्हणाला आणि बूट काढून तिथंच खाली बसला.

आखातातल्या सीबच्या मैदानावर शुक्रवारची सकाळ होती. ए टीम दोन पॉइंटांनी हरली होती आणि सहा वर्षं पहिल्या ग्रेडमध्ये मिरवल्यावर आता दुसऱ्या ग्रेडमध्ये जाणार होती. ओवेसनं शेवटच्या मिनिटाला मारलेला बॉल खांबाच्या बाहेरून गेला होता, त्यामुळे तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

खेळ आयरिश लोकांचा, गेलिक फुटबॉल. बॉल हातानं झेला, पायानं मारा. आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळीत गेला तर तीन. कंपनीतल्या एका आयरिश इंजिनिअरनं आपल्या लोकांना हे वेड लावलं आणि स्वतः मायदेशी निघून गेला. वेड इथंच राहिलं.

ते ओवेसच्या अब्बांनाही लागलं होतं. त्यांचं नाव उस्मान; वादी अदाई भागातल्या एका गोदामात स्टोअरकीपर, वय बावन्न, दोन्ही गुडघ्यांना पट्टे आणि बी टीमचे कॅप्टन. बी टीम म्हणजे ज्यांना ए टीममध्ये कुणी घेणार नाही अशांची. चार वर्षं ती तिसऱ्या ग्रेडच्या तळाशी लोळत होती, आणि ए टीमची पोरं तिच्याबद्दल बोलताना नाक मुरडायची. यंदा कशी कोण जाणे, ती फायनलला पोचली होती. आज दुपारी, सोहारच्या कामगारांविरुद्ध. जिंकणारी टीम दुसऱ्या ग्रेडमध्ये चढणार होती.

गेल्या वर्षी अब्बांनी ओवेसला विचारलं होतं, एक मॅच माझ्याबरोबर खेळशील का? यंदाच्या डिसेंबरात त्यांचा व्हिसा संपणार होता आणि ते कायमचे रत्नागिरीला जाणार होते. ओवेसनं नियम सांगितला. खालच्या टीमचा खेळाडू वरच्या टीममध्ये बोलावता येतो, वरचा मात्र खाली येऊ शकत नाही. नियम खराच होता. तो आपल्या पथ्यावर पडला हे मात्र ओवेसनं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यांच्या टीममध्ये खेळताना मित्रांनी बघावं, हे त्याला नको होतं.

मॅच संपल्यावर क्लबची सेक्रेटरी दीप्ती हिनं ग्रुपवर असोसिएशनचा मेसेज टाकला. चांगला लांबलचक होता. पहिल्याच ओळीत सगळ्यांना हवं ते उत्तर मिळालं: एका क्लबच्या दोन टीम एकाच ग्रेडमध्ये खेळू शकत नाहीत. ए टीम दुसऱ्या ग्रेडमध्ये आली, म्हणजे बी टीमला तिथं जागा उरली नाही.

जुम्म्याची नमाज झाली, बिर्याणी झाली. लोकेश अब्बांजवळ आला.

"चाचा, फायनल कशाला खेळता? जिंकलात तरी जाणार कुठं? सोहारवाल्यांना देऊन टाका."

बी टीममधल्या अर्ध्या लोकांना ते पटलं. एकाची पाठ धरली होती, दुसऱ्याला बायकोचा फोन आला होता.

अब्बा तंबूच्या सावलीत फोन घेऊन बसले होते. चष्मा नाकावर घसरलेला, बोट ओळीवरून हळूहळू सरकणारं. शुक्रवारी ते फोनवर कुराणातली सूरा वाचतात, म्हणून ओवेसनं त्यांना हाक मारली नाही. तशीही त्यांची वाचायची पद्धत सगळ्या गोदामाला ठाऊक होती. चलानावर सही करायच्या आधी ते पाठची बाजूसुद्धा वाचत, आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकत.

वाचून झाल्यावर त्यांनी खिशातली डायरी काढली आणि काहीतरी लिहिलं. ओवेस जवळ गेला तसा त्यांनी पानावर तळवा ठेवला. टीम लिहीत असतील, असं त्याला वाटलं. नंतर दीप्ती बोलण्याच्या ओघात म्हणाली की चाचांची आजच्या टीमची यादी कालच आली, वेळेवर देणारे ते एकटेच. ओवेसनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"खेळायचं," अब्बा लोकेशला म्हणाले. "यल्ला, उठा सगळे."

ओवेस गाडीत एसी लावून बसला. पहिल्या दहा मिनिटांत सोहारनं जाळीत बॉल घातला आणि त्यानं डोळे मिटले. हाफ टाइमला बरोबरी झाली तेव्हा तो गाडीबाहेर उभा होता. शेवटच्या मिनिटाला तो रेषेवर उभा राहून घसा फोडत होता. पुन्हा बरोबरी होती. अब्बांनी बॉल उंचावर झेलला, अंगावर आलेल्या दोघांना चकवलं आणि लंगडतच मारला. बॉल दांडीवरून गेला. एका पॉइंटानं बी टीम जिंकली.

ओवेसला रडू आलं. अभिमान होताच, पण लाजही वाटत होती, आणि लाज जास्त होती.

टाळ्या थांबल्यावर दीप्ती फोन हातात घेऊन पुढे आली. "मेसेज शेवटपर्यंत कुणीच वाचला नाही का?" तिनं विचारलं आणि मोठ्यानं वाचलं: दोन टीम एकाच ग्रेडमध्ये आल्या, तर जिंकून आलेली टीम तिथं राहील आणि हरून आलेली आणखी एक ग्रेड खाली जाईल.

"म्हणजे आम्ही तिसऱ्यात?" लोकेशनं विचारलं.

"हो. आणि क्लबची वरची टीम आता चाचांची."

ए टीमची तोंडं बघण्यासारखी झाली. अब्बांना मात्र नवल वाटलेलं दिसलं नाही. ते खाली बसून गुडघ्याचा पट्टा सोडत होते.

"ओवेस, माझा चष्मा दे जरा पिशवीतला."

ओवेसनं पिशवीत हात घातला. चष्मा डायरीच्या पानांत खूण म्हणून ठेवलेला होता, त्यामुळे डायरी दुपारच्या पानावरच उघडली. वर लिहिलं होतं, 'ऑक्टोबर, दुसरा ग्रेड, पहिली मॅच.' खाली अकरा नावं होती. दहावं अब्बांचं. अकरावं त्याचं स्वतःचं, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात, 'आता नियम आड येत नाही. विचारून बघणे.'