कन्नड जाहिरात

दाक्षायणीनं विजापूरच्या बहिणीशी सगळं कन्नडमध्येच ठरवलं होतं. राहायची जागाही तिनं स्वतःच्या मोबाइलवर कन्नडमध्येच शोधली. सोलापूरच्या सासरी ती भाषा कुणालाच येत नव्हती. वायफाय मात्र घरात एकच होतं. जेवताना नवऱ्यानं आपला मोबाइल तिच्यापुढं धरला. "सकाळपासनं ही कन्नड जाहिरात येतीय. काय लिहिलंय, वाच की." जाहिरातीत लिहिलं होतं, घर सोडून आलेल्या बायकांसाठी विजापुरात खोल्या, नवऱ्याला पत्ता कळणार नाही. मनगटावरचा वळ तिनं पदराखाली घेतला. "साड्यांचा सेल हाय," ती म्हणाली आणि त्याला भाकरी वाढली. "सेल व्हय." त्यानं तुकडा मोडला, डाव्या हातानं भाषांतराचं बटण दाबलं. मोबाइलमधली बाई गोड आवाजात मराठीत वाचू लागली. ऐकून झाल्यावर त्यानं उठून हात धुतले, दाराला आतून कडी घातली. "आता तू वाच," तो म्हणाला.