हाताची सवय

टूलबोर्डवर पान्याच्या आकाराची एक जागा रिकामी होती आणि बाहेर सुखोई धावपट्टीकडे निघालं होतं.

“गांगुर्डेकाका, पाना कुठाय?” शिफ्ट इंचार्ज तेजलचा आवाज चढला.

काकांनी खिसे चाचपले. सुखोईची प्रत्येक सुधारित आवृत्ती त्यांनी खोलून जोडली होती; तीस वर्षांत एकही हत्यार हरवलं नव्हतं. परवा ते निवृत्त होणार होते.

त्यांनी डोळे मिटून हवेतच बोल्ट आवळला. मग हात आपोआप डावीकडे गेला आणि पाना ठेवल्यासारखा थांबला. जुन्या सुखोईत तिथं पत्र्याची फळी असायची. या नव्यात ती काढून टाकलेली. खाली थेट शेपटी हलवणारे दांडे.

“मी तांत्रिक बिघाड सांगून थांबवते,” तेजल हळूच म्हणाली. “तुमचं नाव नको.”

काकांनी वायरलेस हिसकावला. “टॉवर, विमान थांबवा. माझा पाना आत राहिलाय.”

पाना निघाला तेव्हा त्यावर दांड्यानं घासल्याचा ताजा चरा होता.

“कुणाचा हा?” पायलटनं विचारलं.

काकांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. पायलटनं तो हात धरला, आणि बराच वेळ सोडलाच नाही.