तोरूला हात लावायचा नाही

"पंपाला हात लावायचा नाही, स्प्रिंगांना लावायचा नाही आणि मागच्या सीटला तर मुळीच नाही," शामबेत म्हणाला आणि वाट्यांत चहा ओतू लागला.

समोर दोघे बसले होते. एक गॅरेजवाला तिलेक. दुसरे गावातले सगळ्यांत वडीलधारे जुमाकादिर आबा. आबा गुडघाभर बर्फातून काठी टेकत आले होते. गाडीच्या गोष्टीसाठी ते आजवर कुणाच्या दारात गेले नव्हते.

विषय तोरूचा होता. तोरू म्हणजे शामबेतची जुनी डिझेल गाडी. तांबूस रंगाची, लांब पाठीची. घोड्याला ठेवतात तसं रंगावरून नाव ठेवलेलं. नारिन नदीच्या वरच्या अंगाच्या त्या गावात एवढी लांब गाडी दुसरी नव्हती. हिवाळ्यात बाकीच्यांच्या टाक्यांत डिझेल गोठायचं, तोरू मात्र पहिल्या किल्लीला उठायची. घाट चढताना कण्हायची, उतरताना गुणगुणायची. पण वाटेत कधी कुणाला टाकून बसली नाही.

शामबेतचा एकुलता मुलगा मेदेर मॉस्कोला बांधकामावर होता. उन्हाळ्यात त्यानं फोनवर सगळं ठरवूनच टाकलं होतं. डिझेलचा पंप खोलून ताकद वाढवायची, गाडी उंच करायची, मागची सीट काढून सामानाला जागा करायची आणि फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना वरच्या सरोवरापर्यंत न्यायचं. गावातच राहायचं, गावातच कमवायचं. शामबेत म्हणाला, गाडी कारखान्यातून आली तश्शीच राहील. ती तुझ्याहून मोठी आहे, थोरल्या बहिणीशी वागावं तसं वाग तिच्याशी. मेदेर म्हणाला, मग मी परत येऊन करू तरी काय? शामबेतनं फोन ठेवला. मेदेरचाही पुन्हा आला नाही.

पानगळ झाली, बर्फ पडला, बापलेक दोघंही अडून बसले. रोज गाडी पुसताना शामबेतला वाटायचं, आपणच करावा फोन. रोज फडकं पिळताना तो स्वतःला म्हणायचा, उद्या.

सीटचं त्याला जास्त लागायचं. इस्पितळातून मेदेर घरी आला तो याच सीटवर, आईच्या मांडीत. दात येत होते तेव्हा सीटची कड त्यानं चावून चावून उसवली होती. त्याच्या आईनं, सायरानं घातलेले टाके अजून तिथं होते. सायरा घरात असती तर तिनंही नवऱ्याचीच बाजू घेतली असती. पण तिला सकाळीच शेजारणींनी रजया शिवायला म्हणून नेलं होतं.

तिलेक तर आजवर शामबेतच्याच बाजूचा. पंप खोललास तर काळा धूर ओकेल आणि पिस्टन जातील, असं त्यानंच मेदेरला ठणकावलं होतं. आज त्याचा सूर वेगळा होता. आल्या आल्या त्यानं शामबेतचा फोन मागून घेतला, आवाज खरखरतो म्हणत होतात ना, बघतो म्हणाला आणि खिशात टाकला. मग सीटच्या विषयावर आला.

"पंपाचं राहू द्या, बाइके," थोरल्या भावाला हाक मारावी तसं तो म्हणाला. "स्प्रिंगांचंही राहू द्या. फक्त सीट काढू."

शामबेतनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे. मग त्याच्या मिशीत हसू फुटलं.

"आत्ता कळलं. मेदेरनं मध्यस्थ धाडलेत. पोरगी मागायला धाडतात तसे. तरीच आबांना बर्फातून चालवलंत. काय रे तिलेक, तुला काय कबूल केलंय त्यानं? सरोवराची पहिली फेरी?"

"काही नाही, बाइके."

तिलेक आपली काळी बोटं बघत राहिला. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला होता. तो त्यांच्या तळहातावर तसाच होता. चहावर साय धरली.

बाहेर फावडी वाजत होती. शामबेतनं खिडकीतून पाहिलं. शेजारचे चौघे-पाच जण अंगणातला बर्फ ओढत होते, गाडीपुरता नव्हे, कुंपणापासून कुंपणापर्यंत सगळा. हे कुणी सांगितलं, त्यानं विचारलं. आपणहून आलेत, तिलेक म्हणाला.

"गाव फितवलंय पोरानं," शामबेत म्हणाला. त्यात राग नव्हता.

एवढी घाई कसली, हे मात्र त्याला उमजेना. वसंतात बघू म्हणाला. तिलेकनं मान हलवली. आजच काढायला हवी, घाट बंद व्हायच्या आत निघायला हवं. बिश्केकच्या विमानतळापर्यंत गाडी मी नेतो, सकाळी विमान उतरतं.

"कुठलं विमान?"

"मॉस्कोचं, बाइके."

शामबेतच्या हातातली किटली खाली टेकली. म्हणजे अखेर तोच वाकला. फोन न करता निघाला, बापाचं तोंड बंद करायला आधी वडीलधारी माणसं पुढं पाठवली. असाच होता तो लहानपणीही. रुसून उंबऱ्याबाहेर बसायचा आणि हळूहळू सरकत चुलीपाशी यायचा.

"ऐका," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ओला झाला. "पंप खोला. उंच करा. हवी तर रंगवा हिरवी. त्याला भेटल्या भेटल्या सांग, तिलेक, बापानं हार मानली म्हणून. आबांच्या देखत सांगतो, पुन्हा गाडीवरून शब्द काढणार नाही." तो उठला आणि खुंटीवरचा कोट काढू लागला. "मीही येतो. पण सीट आज नको. घरी आला की त्याच्याच हातानं काढू दे. रात्रभर विमानात जागलेलं पोर, एवढा लांबचा घाट. सीट काढली तर तो बसेल कुठं?"

तिलेक भिंतीकडे वळला.

जुमाकादिर आबांनी भाकरीचा तुकडा पुन्हा दस्तरखानाच्या कापडावर ठेवला. काठीवर भार देऊन ते उठले आणि शामबेतचा कोटाच्या बाहीत अडकलेला हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"शामबेत," ते म्हणाले, "मेदेर बसून यायचा नाही."