पिवळी फुली

अभिमन नानांनी बॉनेट उचललं आणि त्यांचा हात तसाच वर राहिला. बॅटरीच्या मागे, काळ्या पत्र्यावर, बोटभर पिवळी फुली होती. रंग थोडा उडाला होता, पण फुली नानांच्याच हातची.

नाना शिरपूरच्या एसटी डेपोतले निवृत्त मेकॅनिक. जुनी गाडी घ्यायची तर आधी नानांना दाखवायची, असा भावकीतला रिवाजच पडून गेला होता. आणि नानांची मतं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, ब्रेकच्या पायडलाचं रबर किती झिजलंय ते बघायचं. इंजिन गार असतानाच सुरू करून ऐकायचं, कारण गरम गाडी सगळ्यांशीच गोड बोलते. दाराचं रबर ओढून खालचा रंग तपासायचा. एवढं बघितल्यावर दहातल्या नऊ गाड्या नापास व्हायच्याच. नापास झालेली गाडी रंगरंगोटी करून पुन्हा दुसरीकडे समोर यायची, म्हणून नाना बॉनेटखाली गुपचूप पिवळ्या रंगाची फुली मारून ठेवायचे. त्या युक्तीवर स्वारी भलतीच खूश असे.

ही फुली सात वर्षांपूर्वीची. असाच धुळ्यातला जुन्या गाड्यांचा बाजार. त्या दिवशी गाडी घरासाठी बघायची होती, म्हणून नानांच्या पत्नी प्रमिलाबाई सोबत आल्या होत्या. त्यांची बहीण जळगावला मेहरूणमध्ये राहायची. तिच्या दारात एकदा आपल्या गाडीतून उतरायचं, एवढंच त्या माउलीचं मागणं. पूजेसाठी पिशवीत नारळ घेऊनच आल्या होत्या. नानांनी दाराखालचा ठोकलेला पत्रा शोधून काढला आणि म्हणाले, "वरीसभर बी टिकनार नही हाई."

घरी आल्यावर त्या नारळाची चटणी झाली. नानांनी ती दोनदा मागून घेतली.

पुढेही गाड्या बघितल्या, प्रत्येकीत काही ना काही निघालं. प्रमिलाबाई एसटीनंच मेहरूणला जात राहिल्या. मग गुडघे गेले, जाणं सुटलं. त्यांना वारून आता दोन वर्षं झाली होती. आणि वर्षभर न टिकणारी गाडी नानांच्या पुढ्यात उभी होती.

"सुरू कर," नाना पुतण्याला, पंडितला म्हणाले.

गार इंजिन एका फटक्यात सुरू झालं. नानांनी कान लावला, तेलाची पट्टी ओढून पुसली, पुन्हा बुडवून बघितली. वाकून खाली गळतंय का ते पाहिलं. एखादी खोट सापडली असती तर त्यांना फार बरं वाटलं असतं. पण तो जुना ठोकलेला पत्रा सोडला, तर गाडी ठणठणीत होती.

पंडित इंजिन बंद करून खाली उतरला. नरडाण्याला कंपनीत कामाला होता. बायकोला, ज्योत्स्नाला, सहावा महिना लागलेला. दवाखान्यासाठी तिला मोटारसायकलवर धुळ्याला आणायचं म्हणजे रस्ताभर त्याचा जीव टांगणीला. तरी आधीच्या चार गाड्या नानांनी नाही म्हटलं म्हणून त्यानं सोडून दिल्या होत्या.

"कशी शे, नाना? तुम्ही नही म्हनशात तर नही. दुसरी पाहू."

'नही' नानांच्या ओठांवर तयारच होतं. आयुष्यभराची सवय. शिवाय ही गाडी चांगली म्हणायची, तर सात वर्षांपूर्वीचं सगळं चुकलं म्हणायचं. नाना नुसतेच फडक्याला हात पुसत राहिले. मग त्यांनी बॉनेट खाली घेतलं.

काचेपलीकडे डावीकडच्या सीटवर ज्योत्स्ना बसली होती. पाठ न टेकता, परक्याच्या घरात बसावं तशी. मांडीवर पिशवी, पिशवीत काहीतरी गोल. ती नानांच्या तोंडाकडे बघत होती.

त्या दिवशी प्रमिला याच सीटवर बसली होती. अशीच बसली असेल. असंच बघत असेल. नानांना तिचा तेव्हाचा चेहरा आठवेना, कारण तेव्हा मध्ये बॉनेट होतं.

"लई ल्या," ते म्हणाले.

नाना गाडी घ्या म्हणतायत, हे पंडितला आधी खरंच वाटेना. मग तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "पन नाना, बॅटरीमांगे पिवयी फुली शे. कोनीतरी नापास करेल दिखस."

"ज्यानी मारी ना," नाना म्हणाले, "त्याले निस्तं इंजिनच समजे."

पंडित विसाराचे पैसे द्यायला मालकाकडे पळाला. ज्योत्स्ना दाराला धरून सांभाळून उतरली. पिशवीतून नारळ काढताना तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"हाऊ पाचवा शे, नाना. आधीना चारस्नी चटनी व्हयनी. तुम्हीच फोडा."

नानांनी पुढच्या चाकाशी नारळ फोडला. ज्योत्स्नानं पहिला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. बराच वेळ तो तिथंच राहिला.

"खा ना, नाना."

"खायेल शे, माय," नाना म्हणाले. "सात वरीस पहिले एक डाव चांगलं चवीनं खायेल शे."