काळोखाची तपासणी

"बंद करू या आता," सर म्हणाले. "अंधारात ठेवलेल्या डिशमधलं प्रथिनही नाहीसं झालंय. पुन्हा."

घोरपड जागची हलली नाही. धरलेली गोष्ट सोडायची नाही म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला याच नावानं हाक मारत, आणि राग येण्याऐवजी तिला त्याचा अभिमानच वाटे.

तिनं बनवलेला रेणू पेशीत शिरून एकाच नको असलेल्या प्रथिनावर खूण करणार, मग पेशी स्वतःच ते मोडीत काढणार. पण निळा प्रकाश पडला तरच. अंधारात रेणूनं गप्प बसायचं, हीच तर खरी मेख. उजेड टाकू तिथंच काम केलं तर ते औषध. अंधारातही करू लागलं, तर अंगभर भिनणारं विष.

"रेणू खोटा नाही, सर."

"मग काय पेशी खोटं बोलतात?"

पेशी तिनं तपासल्या होत्या. रसायनं नव्यानं बनवली होती. तपासायचा राहिला होता तो फक्त अंधार.

"थोडा वेळ माझ्याबरोबर आत बसा. नाहीच काही निघालं, तर मीच सगळं आवरते."

अंधारखोलीत कायम एक तांबडा दिवा जळत असे. त्याच्या उजेडानं रेणूला काही होत नाही, म्हणून तो कधी कुणी विझवलाच नव्हता. तिनं दार लावलं, खालच्या फटीत आपला पांढरा कोट कोंबला आणि बटण दाबलं. मिट्ट काळोख झाला. सर स्टुलाला अडखळले, काहीतरी पुटपुटले आणि चुळबुळत बसून राहिले. तिचा जीव टांगणीला लागला होता. इतक्या वर्षांची मेहनत, आणि हातात काय, तर हा काळोख.

"झालं का तुझं समाधान?" बऱ्याच वेळानं सरांनी विचारलं.

"होतंय. सर, मी किती बोटं वर केलीत?"

"तीन," ते वैतागून म्हणाले. "हा काय पोरखेळ..."

ते मध्येच थांबले. त्यांची मान सावकाश वळली. त्यांनीच हौसेनं आणलेल्या नव्या इनक्युबेटरच्या काचेआड, डिश ठेवल्या होत्या तिथंच, मोहरीएवढा निळा दिवा जळत होता.

"काळी चिकटपट्टी आहे का गं कुठं?" त्यांनी हळूच विचारलं.

उत्तरादाखल शेजारून टर्रकन आवाज आला.